दोन बोटं डावीकडे

४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार.

‘नाव बांधणाऱ्यानं नावेत बसायचं नसतं, काठावर उभं राहून तिच्याकडे बघायचं असतं,’ असं तुम्ही मला म्हणाला होतात. मी सात-आठ वर्षांची असेन. आई कामावर जाताना मला तुमच्या शेडमध्ये सोडून जायची, त्या दिवसांतली गोष्ट. नवी नाव पाण्यात उतरली होती, सगळे भराभर आत चढून बसले होते, आणि मी तुमचा हात ओढत होते, ‘चला ना, चला ना.’ तुम्ही ते वाक्य इतक्या गंभीरपणे म्हणालात, की मी हात सोडला आणि तुमच्या शेजारी काठावर उभी राहिले. मलाही नावा बांधायच्या होत्या ना! तेव्हापासून आजतागायत मी नावेत पाऊल ठेवलेलं नाही. पलीकडे जायचं असलं की पुलाचा लांबचा वळसा घालते. लोक हसतात. हसोत.

आज हे आठवलं, कारण नावाडीकाकांच्या नव्या नावेच्या फासळ्या काल उभ्या राहिल्या. तुमचा हात न लागता उभी राहिलेली ही पहिली नाव. (कणा तुम्हीच निवडून ठेवलेल्या लाकडाचा आहे. तेवढा हात लागला म्हणायचा.) आपलं ठरलंय ते मी विसरलेली नाही. नाव नावाडीकाकांनी पसंत केली तर शेड चालू ठेवायची, नाही तर कुलूप लावून किल्ली तुमच्याकडे पाठवायची. तुम्ही हे बोललात तेव्हा मामी तुम्हाला रागावली होती. मला मात्र बरं वाटलं. चाळिशी उलटलेल्या बाईला अजून कुणी परीक्षेला बसवतंय, हेही थोडंथोडकं कौतुक नाही.

पण एक अडचण आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ओरडता, म्हणून सविस्तर लिहिते. काल मी तुमच्या जागेवर उभी राहिले. नावेच्या नाकासमोर जो छपराचा खांब आहे, त्याला उजवा खांदा टेकवून, डावा डोळा मिटून, अगदी तुमच्यासारखी. तिथून नावेची डावी बाजू बसकी दिसते, गाल आत गेल्यासारखी. मग मी नाकापासून शेपटापर्यंत दोरी ताणली आणि दोन्हीकडची मापं घेतली. तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या.

डोळा म्हणतो वाकडी, दोरी म्हणते सरळ. कुणाचं ऐकू?

तुमचा,
भुंगा

१३ नोव्हेंबर

प्रिय भुंग्या,

तुला हे नाव मी उगाच दिलं नव्हतं. लहानपणी खिळा मिळेल तिथं लाकडाला भोकं पाडायचीस, आता माझ्या डोक्याला पाडतेस.

अगं, दोरी म्हणजे काय? सुताची एक लांबलचक आळशी वस्तू. दमट हवेत एक माप देते, उन्हात दुसरं. माझा डोळा कधी दमट झालाय का? (तुझ्या पाठवणीच्या वेळी झाला असता, पण तू लग्नच केलं नाहीस.) त्या डोळ्यानं बांधलेल्या नावा सगळ्या धक्क्यावर उभ्या आहेत. एक तरी बुडाली? एकानं तरी तक्रार केली? फासळ्या डावीकडे दोन बोटं बाहेर घे आणि त्या दोरीवर कपडे वाळत घाल.

इथं लेकीकडे सगळं उत्तम आहे. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला जिना वर्ज्य. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट तिच्या मर्जीनं चालते. खिडकीतून पाणी दिसतं, समोरच्या गच्चीवरच्या टाकीचं. घरातलं एक दार सरळ नाही. जावईबापूंना दाखवलं, तर म्हणाले, ‘बाबा, बंद होतंय ना?’ बंद होतंय ना! नावेबद्दल कुणी असं म्हणतं का, ‘तरंगतेय ना?’

मामी विचारतेय, वेळेवर जेवतेस का. मी तिला सांगितलं, ती दोरीनं मापून जेवत असेल.

मामा

८ डिसेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. फळ्यांना वाफ द्यायचं काम सुरू होतं. लोहारदादांनी पत्र्याची लांब पेटी बनवून दिली, तिच्यात फळी शिजते. शिजली की आम्ही दोघं तिला दोन टोकांना धरून पळत सुटतो आणि गार व्हायच्या आत फासळ्यांवर दाबून शिकंजे लावतो. लोहारदादा प्रत्येक वेळी ओरडतात, ‘बाजूला व्हा, ताट वाढलंय!’ हातमोजे घालूनही बोटं भाजतात. फळी वाकताना जो आवाज करते तो तुम्हाला ठाऊक आहे. झोपेत कूस बदलल्यासारखा. तो आवाज आला की मी श्वास सोडते. एकही फळी तडकली नाही.

सांध्यांत कापूस भरून झालाय, राळ उद्या. शाळेच्या बाई रोज येता-जाता डोकावतात. काल म्हणाल्या, ‘किती देखणी झालीय हो!’ भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘देखणी जाऊ दे, माझी टोपली मावेल का?’

शेडमध्ये हवा छान आहे. मांजरीला पिल्लं झाली. मामीला सांगा, मी जेवते.

भुंगा

१५ डिसेंबर

भुंग्या,

मांजरीचं कळलं. हवेचं कळलं.

फासळ्या डोळ्यानं घेतल्यास की दोरीनं, तेवढं तू लिहिलं नाहीस.

मामा

२ जानेवारी

प्रिय मामा,

तुम्हाला फसवता येत नाही आणि मला फसवायचंही नव्हतं. धीर होत नव्हता इतकंच.

तुमचं पहिलं उत्तर आलं त्या दिवशी मी फासळ्या सैल करून ठेवल्या होत्या, दोन बोटं बाहेर घ्यायला. हातोडा उचलला आणि वाटलं, आधी तुमचीच एखादी नाव मोजू, म्हणजे मनाचं समाधान होईल. डागडुजीला ओढून ठेवलेली जुनी निळी नाव शेडच्या मागं होती. मोजली. डावी बाजू दोन बोटं फुगलेली. म्हटलं, जुनी आहे, लाकूड फिरलं असेल. धक्क्यावर जाऊन दुसरी मोजली, मग तिसरी. लोक विचारू लागले, ‘कपडे शिवणार का नावांना?’ मामा, सगळ्यांची डावी बाजू दोन बोटं फुगलेली आहे. एकीचीही चुकली नाही. इतकं सारखं चुकायलाही तुमचाच हात हवा.

तुमचा डोळा खोटा नाही. तो खांब मधे येतो. छप्पर त्याच्यावर उभं आहे म्हणून तुम्ही त्याला कधी हलवलं नाहीत, आणि त्याच्या एकाच बाजूनं बघत आलात. तिथून बघणाऱ्या कुणालाही डावी बाजू बारीक दिसेल. मलाही दिसली.

मग मला दुसरंच कोडं पडलं. नाव अशी असेल तर पाण्यात ती उजवीकडे कलायला हवी. धक्क्यावर उभी राहून बघत बसले, तुम्ही शिकवलंत तशी. रिकाम्या नावा खरंच उजवीकडे किंचित कललेल्या असतात. पण माणसं बसली की सरळ होतात! कारण माणसं डावीकडे बसतात. नावाडीकाका डावीकडे सरकून वल्हं मारतात. भाजीवाल्या मावशी टोपली डावीकडे ठेवतात. शाळेच्या बाई, टपालवाले, सगळे आधी डावा बाक भरतात. मी नावाडीकाकांना विचारलं, ‘तुम्ही नेहमी डावीकडे का बसता?’

‘मग कुठं बसू? तुझ्या डोक्यावर?’

‘तसं नाही, डावीकडेच का?’

‘अगं, नावेत डावीकडेच बसतात,’ ते म्हणाले. ‘नाव तशीच असते.’

मामा, या धक्क्यावर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाची नाव कधी आली का? त्यांनी दुसरी बघितलेलीच नाही. तक्रार कोण करणार? आणि आपण दोघं कधी आत बसलोच नाही, मग आपल्याला कळणार कुठून?

मी दोरीचं ऐकलं. नाव सरळ बांधली. राळ लावताना मला पुन्हा पुन्हा वाटत होतं, की ज्या माणसानं मला रंधा धरायला शिकवला त्याच्या पाठीमागं मी काहीतरी करतेय. म्हणून आता तोंडासमोर सांगते. चोवीस तारखेला सकाळी नाव पाण्यात उतरवणार आहे. त्याआधी किल्ली परत हवी असेल तर कळवा.

तुमची

१९ जानेवारी

माझे लाडके,

मामी लिहितेय. तुझं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन बसले. टाकीकडे बघत राहिले. तुझी ताई म्हणाली, ‘आई, बाबांना बरं नाही का?’ म्हटलं, बरं आहे, फक्त खरं वाचलंय.

असे कितीतरी दिवस गेले. मग परवा सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते तो काय! घराचं दार सताड उघडं आणि सगळ्या मजल्याच्या चपला, बूट, सपाता व्हरांड्यात मांडलेल्या. दोन रांगा, पुढं निमुळत्या, मधे फुगीर, मागं पुन्हा जवळ. नावेचा आकार गं! शेजाऱ्यांचे बूट, समोरच्यांच्या पोरांचे बूट, कुणाचं काही सोडलं नाही. आणि हे दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, एक डोळा मिटून उभे. काठीनं एकेक चप्पल सरकवताहेत. ‘ती जरा बाहेर. आणखी. बस्स!’ स्वतःलाच सांगताहेत.

मला बघून म्हणाले, ‘सारख्या आहेत ना दोन्ही बाजू?’

मी चौकटीजवळ जाऊन पाहिलं. म्हटलं, ‘अगदी सारख्या.’

‘आता माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा आण.’

शिवणाचा डबा माझा, पण बोलले नाही. दोरा आणला. मधोमध ताणला, एक टोक माझ्या हातात, एक ह्यांच्या. मग हे गुडघा सांभाळत बसले आणि बोटांनी मोजू लागले. एकदा इकडून, एकदा तिकडून. मी दोरा धरून उभी. ह्यांनी वर पाहिलं. ‘दोन बोटं,’ म्हणाले. ‘डावीकडे.’

आणि हसायला लागले. अगं, काय हसणं ते! किती वर्षांत असे हसले नव्हते. भिंतीला टेकले, डोळ्यांतून पाणी. शेजारी बाहेर आले. समोरच्या वहिनी विचारताहेत, ‘काय झालं? आणि माझ्या ह्यांचा एक बूट इथं कसा?’ ह्यांनी त्यांना सांगितलं, ‘वहिनी, तुमचे हे माझ्या नावेच्या शेपटाकडे आहेत. तिथं फार जोर येत नाही.’ कोण काय समजलं देवास ठाऊक. सगळे हसत होते एवढं खरं. ज्याची त्याची चप्पल परत मिळायला जेवणाची वेळ झाली. जावईबापू ऑफिसला दोन वेगळे बूट घालून गेले.

तेव्हा काळजी करू नकोस. पत्र ते स्वतः लिहितील, त्यांची ऐट सांभाळून.

आता एक गोष्ट मी माझी सांगते. तू लिहिलंस ना, आपण कधी नावेत बसलोच नाही, म्हणून. तू का बसत नाहीस हे मला आज तुझं पहिलं पत्र काढून वाचल्यावर कळलं. मला वाटायचं, तुला पाण्याची भीती आहे. अगं वेडे, लग्न नवं होतं तेव्हा मीच ह्यांना म्हटलं, तुमच्या हातची नाव आहे, चला बसू. नाव धक्क्याला बांधलेली. दोर सोडलासुद्धा नव्हता. हा माणूस बसला, हिरवा पडला, पाण्याला नमस्कार करायला वाकावं तसा वाकला आणि सकाळचं सगळं पाण्याला वाहिलं. वर मला शपथ, कुणाला सांगायचं नाही. ते बांधणाऱ्यानं बसायचं नसतं वगैरे त्यानंतर सुचलेलं आहे. इतकी वर्षं शपथ पाळली. आता चपला मांडणाऱ्या माणसाची शपथ काय पाळायची!

मामी

२० जानेवारी

प्रिय भुंग्या,

मामीनं काय काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, त्यावरून ओळखतो.

खांब काढू नकोस. छप्पर खाली येईल. पण त्याला माझ्यातर्फे एक लाथ घाल.

दोरी जपून ठेव. शेडमध्ये माझ्या रंध्याच्या खुंटीवर टांग. रंधा तू तुझ्या खुंटीवर घे, आता तो तुझाच आहे.

आता नीट वाच. तू नाव सरळ बांधलीस, ते बरोबर केलंस. पण तुझ्या ध्यानात एक गोष्ट आलेली दिसत नाही. नाव सरळ झाली, माणसं अजून माझ्याच नावेत बसलेली आहेत. सगळी जाऊन डावीकडे बसतील, नाव डावीकडे कलेल आणि नावाडी म्हणेल, पोरीनं वाकडी नाव दिली. त्याचं तोंड तुला माहीत आहे. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला हाताला धरून आत घे आणि सारखं वाटून बसव, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. त्याला तर अगदी मधोमध. ऐकलं नाही तर माझं नाव सांग.

पत्र वेळेत पोचलं म्हणजे मिळवलं.

मामा

२५ जानेवारी

प्रिय मामा,

पोचलं. कसं पोचलं ते ऐका.

काल सकाळी धक्का भरून गेला होता. ओंडक्यांवरून नाव घसरत पाण्यात गेली, एकदा नाक बुडवून वर आली आणि स्थिर झाली. रिकामी, सरळ. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. मी काठावर उभी राहून बघत होते. सांध्यांतून थोडं पाणी आत आलं, तेवढं तर नवी नाव पिणारच. लाकूड फुगलं की थांबेल.

‘चला, चला!’ नावाडीकाका ओरडले. चढले, आणि सवयीनं डावीकडे सरकून बसले. त्यांच्यामागून भाजीवाल्या मावशी, टोपली डावीकडे. शाळेच्या बाई डावीकडे. लोहारदादा, त्यांची बायको, टपालवाले पिशवीसकट, सगळे डावीकडे. मामा, मी ते बघत होते आणि मला सुचलंच नाही! तुम्ही चौथ्या मजल्यावर बसून जे पाहिलंत ते मला धक्क्यावरून दिसलं नाही.

नाव डावीकडे कलली. इतकी, की पाणी आत आलं. मावशींच्या मिरच्या पाण्यात पसरल्या. बाई किंचाळल्या. टपालवाल्यांनी पिशवी डोक्यावर धरली, तरी तिचं बूड भिजलं. जो तो धडपडत बाहेर आला आणि नावाडीकाका कंबरेपर्यंत ओले होऊन धक्क्यावर उभे राहून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, ‘वाकडी! वाकडी आहे ही! मामानं अशी नाव जन्मात दिली नसती. नको मला.’

माझा हात खिशातल्या किल्लीवर गेला. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात कुलूप लावलंसुद्धा.

तेवढ्यात टपालवाले पिशवीतली ओली पत्रं पिळत म्हणाले, ‘अहो, हे तुमचंच आहे बघा. वाटायचं राहून गेलं, नाव बघायला आलो म्हणून.’

अक्षर उतरलं होतं, पण वाचता येत होतं. मी तिथंच वाचलं. ‘त्याला तर अगदी मधोमध.’ मी एवढ्या जोरात हसले, की काकांना वाटलं, धक्क्यानं हिचं डोकं फिरलं.

‘काका, पुन्हा बसा. मधोमध.’

‘नावेत मधे कुणी बसत नाही!’

‘मामांनी सांगितलंय.’ पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी ते नीट निरखलं, सहीपर्यंत गेले आणि म्हणाले, ‘मामा म्हणतो तर बसतो. पण बुडालो तर त्याला ये म्हणावं काढायला.’

मग मी एकेकाला हाताला धरून बसवलं. लोहारदादा इकडे, त्यांची बायको तिकडे. बाई इकडे, टपालवाले तिकडे. ‘आमचं नवऱ्या-बायकोचं भांडण आहे का?’ दादा विचारत होते. टोपली मधे. शेवटी एका बाजूला एक माणूस कमी पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी बसले, मामा.

तुमचं ते वाक्य मी आयुष्यभर पाळलं आणि ते एका हिरव्या पडलेल्या नवऱ्यानं बनवलेलं निघालं. मला राग यायला हवा होता. पण पायाखाली ती फळी हलली, मी वाफ दिलेली, मी वाकवलेली, आणि मला वाटलं, इतकी वर्षं मी लाकडाची फक्त एकच बाजू ओळखत होते. बाहेरची. आतून ती बोलते. नाव मला तळव्यांतून कळत होती. काकांनी वल्हं मारलं, दुसरं मारलं, आणि ती सुटली. सरळ रेघ मारावी तशी. पलीकडच्या काठापर्यंत कुठे कलली नाही. मला अजिबात मळमळलं नाही, हे मुद्दाम लिहिते.

पलीकडे उतरल्यावर काका कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, मग इकडून तिकडे वळून पाहिलं. ‘आयुष्यभर वाटायचं, माझी पाठ म्हातारपणानं वाकली,’ म्हणाले. ‘मामानं वाकवली होती होय!’ आणि नाव ठेवून घेतली. आता जुनी निळी नावही सरळ करून मागताहेत, पण लगेच म्हणतात, ‘नको, राहू दे. एक तरी त्याच्या डोळ्याची असू दे.’ मीही तिला हात लावणार नाही. हे सगळे तुमच्या दोन बोटांवर बसून इतकी वर्षं पार होत आले.

किल्ली माझ्याकडेच ठेवतेय. दोरी तुमच्या खुंटीवर टांगली. खांबाला लाथ घातली, अंगठा सुजलाय.

आता शेवटचं. मामीनं मला सगळं सांगितलंय, तेव्हा गंभीर चेहरा करून ते वाक्य पुन्हा लिहू नका. गुडघा आहे, जिना आहे, लिफ्ट आहे, प्रवास लांबचा आहे, सगळी कारणं मला पाठ आहेत, आणि ती संपली की तुम्ही नवं शोधाल. तुम्ही नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. मामीला तर मी आधीच सांगून ठेवलंय, की पत्र वाचताना त्यांच्या तोंडाकडे बघ, मान हलायला सुरुवात कुठल्या ओळीला होते ते कळव.

तरी विचारते. उन्हाळ्यात या. पलीकडच्या काठापर्यंत नाही, एक वल्हं मारण्याइतकंच. पाणी शांत असेल अशी सकाळ मी निवडीन. बादली ठेवीन. नावाडीकाकांना तोंड फिरवून बसायला सांगीन. मामी एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि मधोमध तुमची जागा.

बसाल का, मामा, एकदा माझ्या नावेत?

तुमचा,
भुंगा